एकघंटीचा कडा

ही समोर अंजनीच्या फांदीला टांगलेली आहे, तीच ती घंटा. देवळातली नव्हे, म्हशीच्या गळ्यातली. शिवणीच्या लाकडाचा पोखरलेला ठोकळा आणि आत लाकडाच्याच दोन जिभा. इथून वीस पावलांवर कडा आहे. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही ढगात उभे आहात. मलाही दिसत नाही, पण मला ठाऊक आहे. म्हणून हा दोर कुणी सोडायचा नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

आलात बेडकांच्या अभ्यासाला, म्हणून साहेबांनी भर पावसाळ्यात उद्यानाचं फाटक उघडलं. पण सकाळपासून विचारताय ते बिबट्याचंच. बिबट्या आहे. अस्वल आहे, सांबर आहे, गवे तर कळपानं आहेत. पण ढगात गवा दहा हातांवर उभा असला तरी तुम्हाला तो धोंडा वाटतो, आणि त्याला तुम्ही काय वाटता ते त्याचं त्याला माहीत. या रानात पाहायचं कमी आणि ऐकायचं जास्त. मघाशी मांजर ओरडलं म्हणून या बाई थबकल्या. ते मांजर नव्हतं, तो भृंगराज. काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसाचं एकेक पान. रानातल्या कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढतो. शिक्र्याचा काढतो, शेकरूचा काढतो. मागं रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा मुकादमाच्या शिट्टीचा काढायचा, आणि मजूर जेवण अर्धं टाकून उठायचे.

माझं नाव धाकू झोरे. आम्ही गवळी धनगर. याच पठारावर आमची सात घरं होती, म्हणून वस्तीचं नाव सातघर. आता तिथं कारवी माजली आहे. ते का, हे मागाहून सांगतो. आधी घंटेचं.

आमच्यात ढग आला असं म्हणत नाहीत, ढग बसला म्हणतात. आषाढ लागला की तो पठारावर बसतो आणि चिकट पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही. कधी दोन दिवस, कधी दहा. त्यात आपलाच लांब केलेला हात दिसत नाही. मग म्हशी शोधायच्या कशा? आवाजानं. प्रत्येक घराच्या म्होरक्या म्हशीच्या गळ्यात लाकडी घंटा असे, आणि प्रत्येक घराची घंटा वेगळ्या झाडाची. एकाची फणसाची, एकाची आंब्याची, एकाची हेदीची. एका झाडाचा गळा दुसऱ्यासारखा नसतो. माणूस ढगात सापडला तर घरचे तीच घंटा म्हशीच्या गळ्यातून काढून दारात वाजवत बसत, आणि तो आपला आवाज ओळखून घराकडे चालत येई. आमची पोरं म्हणे ‘आई’ म्हणायच्या आधी घरची घंटा ओळखायची.

या घंटा कोरणारा एक नावजी नावाचा माणूस सातघरात होता. किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येत नाही. मला माझ्या आज्यानं सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. नावजीच्या हाताला कसब होतं. लाकडावर टिचकी मारून तो म्हणे सांगायचा, ही घंटा ओढ्यापलीकडे ऐकू जाईल, ही नाही जायची. स्वतःच्या घरासाठी त्यानं ओढ्याकाठच्या शिवणीचा एक ओंडका राखून ठेवला होता. त्याचं वैशाखात लग्न झालं तेव्हा त्यानं त्यातून घरची घंटा कोरली. लाकूड उरलं, त्याच्या आणखी सहा कोरल्या आणि आढ्याला टांगून ठेवल्या. म्हशी वाढतील, पोरंबाळं होतील, तेव्हा लागतील म्हणून. एका ओंडक्यातल्या त्या सात घंटा एकाच गळ्यानं बोलायच्या. खुद्द नावजीलाही डोळे मिटून त्या वेगळ्या सांगता येत नसत.

बायकोचं नाव सगुणा. सगी म्हणायचे. ती खालच्या वाडीची, जिथं ढग डोक्यावरून जातो पण बसत नाही. मोकळ्या गळ्याची होती असं सांगतात. झऱ्यावर हसली की वस्तीत चुलीपाशी ऐकू यायचं. बापानं तिला लग्नात एक म्हशीची पारडी दिली होती, तिच्यावर तिचा फार जीव. तिला ढगाची सवय नाही म्हणून नावजीनं एक खेळ काढला. रोज संध्याकाळी तिला माळावर उभं करायचं, डोळ्यांवर पदर बांधायचा, आणि आपण दारात बसून घंटा वाजवायची.

“दुसऱ्या कुनाची वाजली तर ढुंकूनबी बगायचं न्हाई,” तो तिला सांगायचा. “ह्यो आपला आवाज. ह्यो आईकलास की आपलं घर तितंच हाय असं समज, आन् सरळ चालत ये.”

ती हात पुढं धरून, चाचपडत, “आले, आले,” करत यायची आणि त्याच्या अंगावर आदळायची. अख्खी वस्ती हसायची. दोन महिन्यांत ती इतकी तयार झाली की सातही घरांच्या घंटा एकदम वाजल्या तरी तिची पावलं शिवणीकडेच वळायची. बाकीच्या सहांचा गळा मात्र तिनं शिकून घेतला नाही. गरज काय होती?

आषाढातल्या एका दुपारी म्हशी परत आल्या आणि पारडी आली नाही. नावजी धार काढत होता.

“मी आनते. हितंच आसंल कुटं तरी,” सगी म्हणाली.

“जा. पन लांब जाऊ नगंस.”

ती गेली, आणि एका म्हशीची धार पुरी होते न होते तोवर ढग बसला.

नावजी घाबरला नाही. त्यानं म्हशीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि दारात बसून वाजवायला लागला. वाजवायचा, थांबायचा, कान द्यायचा. पण वारा पश्चिमेचा होता, तिचा आवाज असला तरी उलटा नेत होता. बराच वेळ गेला. त्याच आठवड्यात ओढ्यावर पट्टेरी वाघाचे ठसे दिसले होते. तेव्हा या रानात तो होता. शिवाय पाऊस, गारठा, आणि अंगावर एक लुगडं. दिवस कलायला लागला तेव्हा नावजीनं शेजाऱ्यांना बोलावलं. सहा घरांचे सहा गडी त्याच्या दारात जमले. आणि तेव्हा त्याला ती गोष्ट सुचली.

तो आत गेला आणि आढ्याच्या सहाही घंटा काढून घेऊन आला.

“एका जागंवरनं आवाज पोचंना,” तो म्हणाला. “आपुन सात जागंवरनं वाजवू. ती निस्ती माजीच घंटा वळकतीया, तर ह्या समद्या तिच्याच आवाजाच्या हायती. जितं आसंल तितं तिला कुनाची ना कुनाची तरी आईकू जाईल.”

बयाजी नावाचा सगळ्यांत थोरला होता, तो म्हणाला, “नावजी, देवानंच बुद्दी दिली बाबा तुला.”

त्या दिवशी या अकलेचं सगळ्यांनी कौतुक केलं असं सांगतात. सात शहाणी माणसं, जन्म ढगात गेलेला, पण एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. लहानपणी ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही दिसलं नव्हतं. मीसुद्धा मनात म्हटलं, वा, आता सापडणार.

आता पठार कसं आहे ते सांगतो, कारण दिसायचं तर काही नाही. घोड्याच्या नालासारखं आहे. मागच्या बाजूला वस्ती होती, दोन बाजूंना सपाट माळाचे दोन हात पुढं गेलेले, आणि मधल्या पोकळीत ही दरी. गडी दोन्ही हातांवर पांगले. एक तळ्यापाशी गेला, एक जांभळीखाली, एक खिंडीच्या तोंडाशी, असे सहा. नावजी दारातच बसला, कारण ती आली तर घरीच येणार. सात जागांवरून एकच घंटा वाजायला लागली.

आणि सगीनं ओ दिली.

“आले! आले!”

सातही जणांनी ऐकली. तळ्याजवळच्याला वाटलं, माझ्याकडे येतेय. त्यानं आणखी जोरानं वाजवली. मग आवाज दुसरीकडे गेला, जांभळीखालच्याला वाटलं, आता माझ्याकडे वळली. त्यानं जोर केला. ‘आले, आले’ कधी जवळ यायचं, कधी लांब जायचं, आणि जिकडून लांब जायचं तिकडचा गडी हात दुखेपर्यंत घंटा हलवायचा. घंटेच्या नादात कुणी तोंडानं हाक मारली नाही. मारायची कशाला? घंटा ओळखणारं माणूस घंटेकडेच येतं, हे नावजीनंच तिला शिकवलं होतं.

मग ओ थांबली.

इथं माझा आजा दरवेळी थोडा थांबायचा. मी पण थांबतो, तेवढी मुभा द्या.

ओ थांबली, तेव्हा तळ्याजवळच्याला वाटलं, जांभळीपाशी पोचली. जांभळीखालच्याला वाटलं, खिंडीत पोचली. प्रत्येकाला वाटलं की ती दुसऱ्या कुणाला तरी सापडली, म्हणून ओ बंद झाली. सापडलेलं माणूस कशाला ओरडेल? सहाही जणांनी घंटा खांद्यावर टाकल्या आणि खूश होऊन घराकडे निघाले. नावजीनंही हात थांबवला. त्यानं चुलीवर दूध ठेवलं, जाळ मोठा केला, आपलं कोरडं घोंगडं जाळापाशी धरून ऊन केलं.

पहिला गडी आला. “आली का रं?” त्यानं हसत विचारलं.

“येतीया. तुमच्यातलं कोन तरी घिऊन येतंय,” नावजी म्हणाला.

दुसरा आला, तो एकटा. तिसरा आला. दर वेळी दार वाजलं की सगळे उठायचे आणि आलेला विचारायचा, आली का? पाचवा आला तोवर कुणी हसत नव्हतं. शेवटी बयाजी आला. म्हातारा माणूस, लांबच्या खिंडीतून यायला त्याला वेळ लागला होता. त्यानं दारातून आत पाहिलं, सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली, आणि त्याच्या हातातली घंटा खाली पडली. दूध उतू जात होतं, ते कुणी उतरवलं नाही.

ढग त्यानंतर अकरा दिवस बसून होता, पाऊस मात्र थांबला होता म्हणे. पारडी मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी आपण होऊन गोठ्यात येऊन उभी राहिली.

बाराव्या दिवशी ऊन पडलं आणि माळावरच्या चिखलात वाचता येण्यासारखं सगळं उमटलेलं होतं. अनवाणी पायांचे ठसे, बोटात नवी जोडवी. ते जांभळीकडे चाळीसेक पावलं गेले होते आणि टाचेवर गर्रकन वळले होते. मग तळ्याकडे, पुन्हा वळले. मग घराकडे. घराकडे ती सगळ्यांत जास्त चालली होती, पण समोर खिंडीतल्या बयाजीनं जोर केला तेव्हा ती तिथूनही वळली. तिला घर सात बाजूंनी बोलावत होतं, आणि प्रत्येक आवाज खरा होता. नावजीनं ते वळसे मोजले, सात भरले. प्रत्येक वळसा दरीच्या थोडा जवळ होता. सातव्यानंतर ठसे सरळ गेले, दरीपलीकडच्या हातावरच्या घंटेकडे. जिथं तुम्ही मघाशी बॅगा ठेवल्यात त्याच्या बाजूनं गेले, आणि कड्याशी संपले.

दरीत माणसं उतरली. हे रान तुम्ही वरूनच पाहताय, खाली ते याच्या दसपट आहे. झाड संपतं तिथं शेवाळ सुरू होतं आणि शेवाळ संपतं तिथं वेल. नऊ दिवस शोधलं. एक जोडवंसुद्धा मिळालं नाही.

मला सगीची दया येते, पण नावजीचा विचार आला की भीती वाटते. इतक्या मायेनं कुणाच्या हातून कुणी मरू नये.

नावजीनं सहा घंटा कड्यावर आणून दगडानं फोडल्या. सातवी इथं अंजनीला बांधली आणि सातघराकडून तीन गोष्टी वदवून घेतल्या. ढग बसला की पठारावर घंटा एकच वाजेल आणि एकाच जागेवरून, याच. बाकीच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबायच्या. हरवलेल्यानं चालायचं नाही, असेल तिथं बसायचं, ढग उठेपर्यंत. आणि तिसरी, कुणी हाक मारली तर ‘आलो’ किंवा ‘आले’ म्हणायचं नाही. म्हणायचं, “हाय तितंच हाय.” आमच्या बायका चुलीपुढून तशीच ओ द्यायच्या. खालच्या गावची माणसं चेष्टा करायची, की या धनगरणींना हाक मारली तरी जागच्या हलत नाहीत. आम्ही हसून घ्यायचो. सांगणार काय?

नावजीला लोकांनी सांगून पाहिलं, दुसरं लग्न कर. त्यानं केलं नाही. दर ढगात तो इथं येऊन बसायचा आणि वाजवायचा. एकदा बयाजी त्याला म्हणाला, “ती आता येनार न्हाई, नावजी. मग ही कुनासाटी वाजिवतोस?” नावजी म्हणाला, “ती न्हाई येनार ते मलाबी ठावं हाय. पन ती आले म्हनून गेलीया. आले म्हनल्याली बाई वाटंत आस्ती. तिला आता तरी एकच घर आईकू जाऊ द्या.”

असे चाळीस पावसाळे त्यानं काढले म्हणे. तो मेल्यावर त्याच्या घरात नात्यातलं कुणी येऊन राहिलं, आणि सात घरांनी सात वार वाटून घेतले. आमच्या झोऱ्यांचा गुरुवार. घंटा तडकली की त्याच शिवणीच्या बुंध्याला फुटलेली फांदी आणून नवी कोरायची, म्हणजे गळा तोच राहतो.

मग उद्यान झालं. रान राखायचं तर माणूस नको, आणि ते काही खोटं नाही. आमची म्हैस जिथं चरायची तिथं आज सांबर चरतं. सात घरं खाली माळरानावर नेऊन वसवली, बावीस वर्षं झाली त्याला. तिथं वीज आहे, शाळा आहे. ढग नाही. माझ्या नातीला हाक मारली की ती आतून ओरडते, “आले, आले!” मी दर वेळी उठून दारात जातो आणि ती समोर आली की मगच खाली बसतो. मी रखवालदार होतो म्हणून मागं राहिलो, तेव्हापासून सातही वार माझेच. आता गुडघे बोलतात. मुलगा म्हणतो, आबा, या वर्षी पुरे. शिवण दोन वर्षांपूर्वी वाळली. घंटेला तडा गेलाय, बोट लावून बघा, इथं. पुढच्या आषाढात इथं कोण बसेल हे मला विचारू नका, कारण कुणी नाही.

पण मला खरं दुःख त्याचंही नाही. तुमच्यातल्या या ताईंनी मघाशी विचारलं, की एवढं जपून ठेवल्यावर तिच्या जिवाला शांती मिळाली असेल ना? मला हो म्हणता आलं असतं. माझा आजा तसंच सांगायचा. पण आज्याचे कान म्हातारपणी गेले होते, आणि माझे अजून शाबूत आहेत.

आजही ढग बसला की मी इथं येतो आणि एकदाच वाजवतो. एकदा वाजवून थांबायचं, हाच रिवाज. दोर घट्ट धरा आणि कुणी बोलू नका.

ही वाजवली.

आता ऐका. दरीतून आली ना? तो भृंगराज. बापाचं ऐकून पोरगं शिकलं, त्याचं ऐकून त्याचं पोरगं. आम्ही गेलो, म्हशी गेल्या, ती पाखरं इथंच आहेत. ही तळ्याकडून आली, तोही तोच. जांभळीवरून आली. खिंडीतून आली. गळा बघा, तोच, शिवणीचाच. मला स्वतःला वेगळा सांगता येत नाही.

मी एकच वाजवली होती.